अकाली यौवनारंभ (मुलींमधील) व प्रौढ उंची

मुलीला आठ वर्षे पूर्ण होण्याआधी स्तनवाढ सुरू झाली, तर तिला अकाली यौवनारंभ म्हणतात. प्रस्तुत नोंदीत मुख्यतः मेंदूपासून सुरू होणाऱ्या, म्हणजे केंद्रीय प्रकाराचा आणि अंतिम उंचीवरील त्याच्या परिणामाचा विचार केला आहे. अशी मुलगी दुसरी-तिसरीत असताना वर्गात सर्वांत उंच दिसते; उपचार न झाल्यास ती प्रौढपणी आईवडिलांच्या मानाने बुटकी राहू शकते. आजच्या उंचीवरून प्रौढ उंचीचा अंदाज करता येत नाही. त्यासाठी वाढीचा वार्षिक वेग आणि हाडांचे वय (क्ष-किरण चित्रावरून ठरणारी हाडांची परिपक्वता) या दोन्ही गोष्टी पाहाव्या लागतात.

कार्यकारणभाव : अधोथॅलॅमस या मेंदूच्या भागातून जीएनआरएच हे संप्रेरक ठरावीक अंतराने, स्पंदांच्या रूपात स्रवते. त्याची दहा ॲमिनो आम्लांची रचना शॅली व गिय्यमँ या शास्त्रज्ञांच्या गटांनी १९७१ च्या सुमारास निश्चित केली. दोघांना १९७७ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. या स्पंदांमुळे मेंदूच्या तळाशी असलेल्या पोष (पिट्युटरी) ग्रंथीतून एलएच व एफएसएच ही संप्रेरके स्रवतात आणि अंडाशयात इस्ट्रोजेन तयार होऊ लागते. जन्मानंतर काही महिने ही साखळी चालू असते, मग ती अनेक वर्षे दबलेली राहते. दाब कशामुळे उठतो याचे उत्तर अजून अपुरे आहे. जीएनआरएचच्या स्रावाला चालना देणाऱ्या किसपेप्टिनच्या ग्राहीतील (त्याचा संदेश घेणाऱ्या पेशीतील प्रथिनातील) दोषाने यौवनारंभ होतच नाही, हे २००३ मध्ये कळले. २०१३ मध्ये एमकेआरएन३ या जनुकातील दोष अकाली यौवनारंभाशी जोडला गेला. या जनुकाची वडिलांकडून आलेली प्रतच कार्यरत असते. म्हणून कुटुंबाचा इतिहास घेताना आईच्या पहिल्या पाळीचे वय विचारून थांबू नये. आत्या व वडिलांकडची आजी यांच्याविषयीही विचारावे.

लांब हाडे टोकांजवळच्या वृद्धिपट्टांतून वाढतात. इस्ट्रोजेनची अल्प मात्रा वृद्धिसंप्रेरकाचा स्राव वाढवून उंचीला वेग देते, पण त्याच वेळी पट्टातील कूर्चापेशींची वाढक्षमता लवकर संपवते आणि शेवटी पट्ट सांधून टाकते. पट्ट सांधण्याचे काम मुलग्यांतही इस्ट्रोजेनच करते. १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका नोंदीत इस्ट्रोजेन-ग्राही निकामी असलेल्या २८ वर्षांच्या पुरुषाची उंची २०४ सेंमी. होती, वृद्धिपट्ट उघडे होते आणि हाडांचे वय १५ वर्षांचे होते. अकाली यौवनारंभात उलट घडते : उंची वाढण्याची वर्षे कमी होतात, आणि आधीच्या बालपणातील संथ पण दीर्घ वाढ मध्येच तुटते. खरे नुकसान या दुसऱ्या बाबीने होते, कारण यौवनारंभात मिळणारे २०–२५ सेंमी. अकाली सुरुवात झालेल्या मुलीलाही बहुतांशी मिळतात. ते मिळू लागतात तेव्हा तिची मूळ उंची कमी असते, एवढाच फरक.

आठ वर्षांची सीमारेषा : हा आकडा प्रामुख्याने मार्शल व टॅनर यांच्या १९६९ मधील अभ्यासातून आला. इंग्लंडमधील हार्पेंडन येथील बालगृहातल्या १९२ मुलींची छायाचित्रे ठरावीक काळाने घेऊन त्यांनी स्तनवाढीचे पाच टप्पे मांडले. सुरुवातीचे सरासरी वय ११.१५ वर्षे व प्रमाण विचलन (सरासरीभोवतीच्या विखुरणीचे माप) १.१ वर्षे आले. सरासरीतून अडीच विचलने वजा केली की साडेआठच्या जवळ येते. व्यवहारात आठ रूढ झाले. या मुली सामान्य समाजाचा नमुना नव्हत्या, आणि छायाचित्रात ग्रंथी व चरबी यांचा भेद करता येत नाही. अभ्यासाच्या या दोन्ही उणिवा मान्य आहेत.

१९९७ मध्ये अमेरिकेत ३ ते १२ वर्षांच्या १७,०७७ मुलींच्या पाहणीत स्तनवाढीचे सरासरी वय गोऱ्या मुलींत सुमारे १० व आफ्रिकी-अमेरिकी मुलींत सुमारे ८.९ वर्षे आढळले. त्यावरून १९९९ मध्ये सीमारेषा अनुक्रमे सात व सहा वर्षांवर आणावी, अशी शिफारस झाली. तिला विरोधही झाला : पाहणीत बहुतेक मुलींची तपासणी केवळ नजरेने झाली होती, त्यामुळे लठ्ठ मुलींची चरबी स्तनवाढ म्हणून मोजली गेली असण्याचा संभव आहे, शिवाय सीमारेषा खाली आणल्यास सहा ते आठ वर्षांच्या मुलींतील उपचार करण्याजोगे आजार निसटतात. कोपनहेगनमध्ये १९९१ व २००६ साली हाताने चाचपून केलेल्या तपासण्यांत मात्र हे वय १०.९ वरून ९.९ वर्षांवर आलेले दिसले. तेव्हा घट खरी आहे, हे मत आता प्रबळ आहे. त्या मानाने पहिल्या पाळीचे वय फारच थोडे उतरले. भारतात वैद्यक व्यवहारात आठ वर्षांचीच रेषा पाळली जाते, आणि ती राखणे अधिक सुरक्षित वाटते : आठच्या आत सुरुवात झाली म्हणजे तपासणी करावी, उपचार करावाच असे नाही.

सुश्रुतसंहितेत रजःप्रवृत्ती बारा वर्षांपुढे सांगितली आहे. संहितेचा काळ व तिच्यातील थर यांविषयी मतभेद असल्याने हा आकडा विशिष्ट शतकातील निरीक्षण म्हणून वापरता येत नाही.

कारणे : मुलींत नव्वद टक्क्यांच्या आसपास केंद्रीय प्रकरणांत मेंदूत काही दोष सापडत नाही. उरलेल्यांत अधोथॅलॅमसमधील हॅमार्टोमा ही जन्मजात गाठ महत्त्वाची. कारण नसताना हसण्याचे झटके येत असल्यास तिचा संशय घ्यावा. अंडाशयातून स्वतंत्रपणे इस्ट्रोजेन स्रवल्यास (उदा., मॅक्यून-ऑलब्राइट विकारात, त्वचेवर कॉफीच्या रंगाचे डाग व ठिसूळ हाडे ही त्याची इतर लक्षणे) उपचार निराळा असतो. दीर्घकाळ दुर्लक्षित राहिलेल्या थायरॉइडच्या तीव्र कमतरतेतही स्तनवाढ व रक्तस्राव होतो, पण तेथे उंचीचा वेग मंद आणि हाडांचे वय मागे असते. थायरॉइडच्या गोळ्यांनीच तो प्रकार आटोक्यात येतो. गोव्यात २००८ मध्ये सर्व नवजात बालकांची रक्तचाचणी सुरू झाली. तिच्यात जन्मजात थायरॉइड-न्यूनता व अधिवृक्क (मूत्रपिंडावरील ॲड्रिनल) ग्रंथीची जन्मजात अतिवृद्धी या दोन्हींचा समावेश होता. दुसऱ्या विकारात उपचार लांबल्यास हाडांचे वय वेगाने पुढे जाते.

लठ्ठपणा आणि लवकर स्तनवाढ यांचा संबंध अनेक देशांत दिसला आहे. २०२० च्या टाळेबंदीनंतर इटली, तुर्कस्तान व पुण्यासह भारतातील केंद्रांत अकाली यौवनारंभाच्या मुली वाढल्याचे अहवाल आले. वाढते वजन, बैठे जीवन व झोपेची बिघडलेली वेळ यांपैकी नेमके कारण ठरलेले नाही. ब्रॉयलर कोंबडीला हॉर्मोनची इंजेक्शने देतात व म्हणून मुली लवकर वयात येतात, हा समज गोव्यातही सर्रास ऐकू येतो. या कोंबड्यांची झपाट्याने होणारी वाढ निवडक पैदास व खाद्य यांमुळे असते, त्यामुळे मुलीचे मांसाहारी जेवण तोडण्याचे कारण नाही.

उंचीवरील परिणाम : यौवनारंभापूर्वी मुली वर्षाला ५–६ सेंमी. वाढतात, यौवनारंभातील वेगाच्या शिखराला सुमारे ८ सेंमी. हे शिखर पहिल्या पाळीच्या सहा महिने ते वर्षभर आधी येऊन जाते. पाळी आली की उंची थांबते, हा समज अपुरा आहे. त्यानंतरही सरासरी ५–७ सेंमी. वाढ होते, आणि पाळी जितकी लवकर तितकी ती थोडी अधिक असते. उपचारांपूर्वीच्या काळातील पाश्चात्त्य नोंदींत केंद्रीय प्रकाराच्या मुलींची प्रौढ उंची साधारण १५० ते १५५ सेंमी. आढळते, म्हणजे तेथील स्त्रियांच्या सरासरीपेक्षा सुमारे दहा सेंमी. कमी. त्या नोंदींत तीव्र प्रकरणेच प्रामुख्याने असल्याने हा आकडा प्रत्येक मुलीला लावू नये. स्वीडनमध्ये दत्तक गेलेल्या भारतीय मुलींवरील अभ्यास येथे विशेष उद्बोधक आहे : कुपोषणानंतर झपाट्याने भरपाईची वाढ झालेल्या या मुलींना पहिली पाळी साधारण साडेअकराव्या वर्षी आली आणि त्यांची प्रौढ उंची सरासरी १५४ सेंमी.च्या आसपास राहिली. चांगल्या आहाराने आलेला वेग उंचीत पूर्णपणे उतरला नाही.

सुरुवातीचे वय आणि प्रगतीचा वेग यांवर सारे अवलंबून असते. पाच वर्षांच्या मुलीत नुकसान मोठे. साडेसातला सुरू होऊन संथपणे पुढे सरकणाऱ्या प्रकारात मुली उपचाराविनाही बहुधा आईवडिलांना साजेशी उंची गाठतात. आठ ते नऊच्या दरम्यान सुरुवात झाली, तर स्तनवाढ ते पाळी हा काळ लांबतो आणि बरीचशी भरपाई होते.

उंची मोजणे : निदानातील बहुतेक चुका येथेच होतात. भिंतीवर चिकटवलेली फीत तळाच्या पट्टीमुळे किंवा उंचसखल फरशीमुळे चुकते. भिंतीला पक्की बसवलेली उंचीपट्टी वापरावी. चप्पल-मोजे काढावेत, आंबाडा, वरची वेणी, क्लिप व गजरा सोडवावा. टाचा, नितंब व पाठ टेकलेली, डोळ्याची खालची कड आणि कानाचे छिद्र एका आडव्या रेषेत असावे. दिवसभरात उंची सुमारे १ सेंमी.ने घटते, म्हणून दर वेळी एकाच सुमारास मोजावे. दोन मापांत अर्ध्या-अर्ध्या सेंमी.ची उलट चूक झाली, तर सहा महिन्यांवरून काढलेल्या वार्षिक वेगात २ सेंमी.चा फरक पडतो आणि ५.५ चा सामान्य वेग ७.५ म्हणजे यौवनारंभाचा ठरतो. नोंदी भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेच्या २०१५ च्या तक्त्यावर कराव्यात. आईवडिलांच्या उंचीची बेरीज करून १३ वजा करून दोनाने भागले की मुलीची लक्ष्य उंची मिळते. साधारण ८ सेंमी. पुढेमागे धरावे.

हाडांचे वय : डाव्या हाताच्या पंजा व मनगटाच्या क्ष-किरण चित्रावरून ते ठरते, ग्रॉयलिक व पाइल यांचा नकाशासंग्रह (१९५०, दुसरी आवृत्ती १९५९) अजून सर्वाधिक वापरात आहे. तो ओहायोतील सुस्थितीतल्या मुलांवर आधारलेला आहे. एकच चित्र दोघांनी वाचल्यास सहा महिने ते वर्षाचा फरक पडू शकतो, म्हणून एकाच मुलीची सर्व चित्रे शक्यतो एकाच व्यक्तीने, शेजारी ठेवून वाचावीत. अंगठ्याच्या तळाशी तीळास्थी (तिळासारखे छोटे हाड) दिसणे ही मुलींत हाडांचे वय अकराच्या आसपास पोचल्याची खूण आहे. बोटांच्या टोकाची हाडे सांधू लागली की ते तेराच्या पुढे गेलेले असते.

प्रौढ उंचीच्या अंदाजासाठी बेली व पिनो यांचे १९५२ चे तक्ते वापरतात. साडेसात वर्षांची, १३२ सेंमी. उंच आणि हाडांचे वय दहा असलेली मुलगी घेऊ. ‘सरासरी’ तक्त्यानुसार हाडांच्या दहाव्या वर्षी सुमारे ८६ टक्के उंची झालेली असते. अंदाज १५३ सेंमी. ‘पुढे गेलेल्या’ मुलींच्या तक्त्यानुसार सुमारे ८३ टक्के. अंदाज १५९ सेंमी. वडील १७२ व आई १५८ सेंमी. असल्यास लक्ष्य उंची १५८.५ येते, म्हणजे एका तक्त्याने नुकसान पाच सेंमी., दुसऱ्याने शून्य. हाडांचे वय पुढे असल्याने दुसरा तक्ता वापरणे वरकरणी योग्य वाटते, परंतु तो निरोगी मुलींवरून बनलेला आहे आणि अकाली यौवनारंभात उंची फुगवून सांगतो. त्यामुळे सरासरीचाच तक्ता वापरण्याकडे बहुतेक तज्ज्ञांचा कल आहे. दोन्हींपैकी कोणताही अंदाज एकट्याने निर्णायक मानू नये.

इतर तपासण्या : मुलीला पाठीवर निजवून स्तनाग्राखालचा भाग दोन बोटांत अलगद धरल्यास ग्रंथीची घट्ट चकती लागते; चरबी मऊ असते व तिला कड नसते. सुरुवात एका बाजूने होणे नेहमीचेच. ही ‘गाठ’ समजून शस्त्रक्रियेने काढल्यास त्या बाजूचा स्तन पुढे कधीच वाढत नाही, इतकी ही चूक गंभीर आहे. दोन वर्षांच्या आतील मुलींतील एकाकी स्तनवाढ बहुधा आपोआप ओसरते. केवळ जांघेतील केस हे अधिवृक्क ग्रंथीचे लक्षण असते. सकाळच्या रक्तातील एलएच ०.३ एककांच्या वर, किंवा उत्तेजन चाचणीत (जीएनआरएच वा तत्सम औषध टोचून घेतलेल्या रक्तात) ५ च्या वर गेल्यास केंद्रीय प्रकार धरतात. सोनोग्राफीत गर्भाशयाची लांबी ३.५ सेंमी.हून अधिक असणे पूरक पुरावा. सहा वर्षांखालील प्रत्येक मुलीचा मेंदूचा एमआरआय करावा. सहा ते आठ दरम्यान सर्वांचाच करावा का, याविषयी एकमत नाही.

गोव्यात पहिली तपासणी प्राथमिक आरोग्य केंद्रात अथवा म्हापसा व मडगाव येथील जिल्हा रुग्णालयांत होऊ शकते, पुढील बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात. सत्तरी किंवा पेडण्याहून येताना शाळेतील जुन्या उंचीच्या नोंदी आणि आधीचे क्ष-किरण चित्र (नुसता अहवाल नव्हे) बरोबर असावे. त्यामुळे वेग ठरविण्यासाठी सहा महिने थांबावे लागत नाही.

उपचार : जीएनआरएचचे दीर्घ परिणामी सदृश औषध सतत मिळाल्यास पोष ग्रंथी स्पंदांना दाद देत नाही. हा उपयोग १९८१ मध्ये प्रथम मांडला गेला. ल्युप्रोलाइड वा ट्रिप्टोरेलिन ३.७५ मिग्रॅ. दर २८ दिवसांनी किंवा ११.२५ मिग्रॅ. दर बारा आठवड्यांनी देतात. भुकटी द्रावणात पूर्ण मिसळून लगेच टोचावी. रेंगाळल्यास ती तळाशी बसते, सुई तुंबते आणि मात्रा अपुरी पडते. ‘दर महिन्याला त्याच तारखेला’ असा हिशेब धरल्यास अंतर ३०–३१ दिवसांचे होते व दाब सैल पडू शकतो. चतुर्थीच्या दिवसांत घरची मंडळी मूळ गावी जातात. तारीख त्या आठवड्यात येत असल्यास इंजेक्शन दोन-तीन दिवस आधी घ्यावे, नंतर नव्हे. पहिल्या मात्रेनंतर काही दिवस उत्तेजन होते आणि दोन-चार आठवड्यांत एकदा रक्तस्राव होऊ शकतो. आईला हे आधीच सांगितले नाही, तर औषध उलटले असे समजून ते थांबवले जाते. टोचल्या जागी जंतुविरहित गळू क्वचित होते.

सहा वर्षांच्या आत सुरुवात झालेल्या मुलींत उपचाराने सरासरी ९–१० सेंमी. वाचतात, सहा ते आठमध्ये ४–७, आणि आठनंतर सुरू केल्यास उंचीचा लाभ सहसा दिसत नाही. दर तीन ते सहा महिन्यांनी उंची व दर सहा ते बारा महिन्यांनी हाडांचे वय पाहतात. वर्षाला चार सेंमी.पेक्षा वेग कमी झाला, तरी वृद्धिसंप्रेरक जोडण्याचा पुरावा तोकडा आहे. उंची वाढवण्याच्या भुकट्या, लोंबकळणे, दोरीउड्या यांनी वृद्धिपट्टाचे आयुष्य वाढत नाही. नाचणी (१०० ग्रॅममध्ये सुमारे ३५० मिग्रॅ. कॅल्शियम) व काट्यासकट खाता येणारी छोटी मासळी हाडांच्या घनतेसाठी हितकर आहे, त्यांचा उपयोग तेवढ्यासाठीच.

उपचार साधारण अकराव्या वर्षी, हाडांचे वय बारा ते साडेबारा असताना थांबवतात. त्यानंतर बहुतेकींना वर्ष-दीड वर्षात पाळी येते. उपचारकाळात मंदावलेली अस्थिघनता पुढे भरून निघते, आणि प्रजननक्षमता कमी झाल्याचे आढळलेले नाही.