ध्रुवीय प्रदेशात निसर्ग मार्गदर्शक होण्यासाठी: प्रशिक्षण, पात्रता आणि कागदपत्रे

आर्क्टिक आणि अंटार्क्टिका येथे पर्यटकांना किनाऱ्यावर उतरवून त्यांची जबाबदारी घेणाऱ्या निसर्ग मार्गदर्शकासाठी सर्वत्र चालेल असा एकच सरकारी परवाना अस्तित्वात नाही. अर्जदाराला वेगवेगळ्या संस्थांचे दाखले जमवून स्वतःची फाइल उभी करावी लागते, आणि त्या फाइलीत पदवीइतकेच, किंबहुना काकणभर अधिकच, वजन प्रत्यक्ष बर्फात, समुद्रावर आणि डोंगरात काढलेल्या दिवसांच्या नोंदवहीला असते.

या विषयाचे रीतसर विद्यापीठीय शिक्षण घ्यायचे असल्यास नॉर्वेच्या स्वालबार्ड द्वीपसमूहातील लाँगइयरब्येन येथे, ७८ अंश उत्तर अक्षांशावर, ‘आर्क्टिक नेचर गाइड’ हा एका वर्षाचा, ६० श्रेयांकांचा अभ्यासक्रम आहे. तो ट्रॉम्सो येथे मुख्यालय असलेले नॉर्वेचे आर्क्टिक विद्यापीठ स्वालबार्डमधील विद्यापीठ केंद्राच्या सहकार्याने चालवते. नॉर्वेत उच्च शिक्षणाला प्रवेश मिळण्यासाठी कोणत्या देशाचे कोणते शिक्षण ग्राह्य धरले जाते याची देशनिहाय अधिकृत यादी असते. भारतीय अर्जदाराने प्रथम ती पाहावी, कारण केवळ बारावीच्या गुणपत्रिकेवर विसंबून अर्ज करणे धोक्याचे आहे. गुणपत्रिका, इंग्रजी भाषेच्या परीक्षेचा निकाल आणि मैदानी अनुभवाचे पुरावे ही मुख्य कागदपत्रे होत. युरोपीय आर्थिक क्षेत्राबाहेरच्या विद्यार्थ्यांना नॉर्वेतील सरकारी विद्यापीठांनी २०२३ च्या शरद सत्रापासून शुल्क लागू केले असल्याने, आपल्याला किती रक्कम भरावी लागेल हे विद्यापीठाकडून आधी लेखी विचारून घ्यावे.

अनुभवाची नोंद कशी ठेवावी, हा भाग बहुतेकांकडून हलक्यात घेतला जातो. सह्याद्रीतले पन्नास गड पालथे घातले असले तरी ‘ट्रेकिंगची आवड’ एवढ्या शब्दांना किंमत नसते. तारीख, ठिकाण, हवामान, गटातील माणसांची संख्या, आपण गटात होतो की गटाचे नेतृत्व करत होतो, आणि पडताळणी करू शकणाऱ्या व्यक्तीचे नाव एवढे प्रत्येक नोंदीत हवे. उत्तरकाशी किंवा दार्जिलिंग येथील गिर्यारोहण संस्थांच्या अभ्यासक्रमाचे प्रमाणपत्र, बर्फावरील वावराचा पुरावा म्हणून, येथे उपयोगी पडते. दुर्गम भागातील प्रथमोपचाराचा ‘वाइल्डरनेस फर्स्ट रिस्पाँडर’ हा सुमारे ७० ते ८० तासांचा अभ्यासक्रमही केलेला बरा. त्याच्या प्रमाणपत्राची मुदत संपते, हे ध्यानात ठेवावे.

स्वालबार्डमध्ये वस्तीबाहेर जाताना ध्रुवीय अस्वलाला पिटाळून लावण्याचे योग्य साधन जवळ बाळगणे बंधनकारक आहे आणि शस्त्र सोबत ठेवण्याची शिफारस केली जाते. ज्याच्याकडे ग्राह्य शस्त्रपरवाना नाही, त्याला बंदूक भाड्याने घेण्यासाठी स्वालबार्डच्या गव्हर्नरच्या कार्यालयाकडे वेगळा अर्ज करावा लागतो. १ जानेवारी २०२५ पासून अस्वलापासून किमान ३०० मीटर, आणि १ मार्च ते ३० जून या काळात ५०० मीटर अंतर राखण्याचा नियम आहे. मुलाखतीला जाणाऱ्याला हे आकडे तोंडपाठ असावेत.

पर्यटकांना ध्रुवीय प्रदेशात नेणाऱ्या मोहिमेच्या जहाजावर काम करायचे झाल्यास कागदपत्रांची दुसरी फळी लागते. एसटीसीडब्ल्यू या, नाविकांच्या प्रशिक्षणाचे निकष ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय करारानुसारचे मूलभूत सुरक्षा प्रशिक्षण, म्हणजे समुद्रात तग धरण्याचे तंत्र, आग विझवणे, प्राथमिक उपचार आणि वैयक्तिक सुरक्षितता, भारतात नौवहन महासंचालनालयाची मान्यता असलेल्या संस्थांत मिळते आणि अशा अनेक संस्था मुंबई परिसरात आहेत. त्यांपैकी पहिल्या दोन विषयांची उजळणी दर पाच वर्षांनी करावी लागते, तर नाविकाच्या वैद्यकीय प्रमाणपत्राची मुदत जास्तीत जास्त दोन वर्षे असते. ज्या जहाजांवर नाविक पुस्तिका, म्हणजे सीडीसी, मागितली जाते, तेथे तिचा अर्ज इंडोस क्रमांक, म्हणजे भारतीय नाविकांच्या राष्ट्रीय नोंदणीतला क्रमांक, घेतल्यानंतरच करता येतो.

अंटार्क्टिकातील पर्यटन कंपन्यांची आयएएटीओ ही संघटना १९९१ मध्ये स्थापन झाली, तर आर्क्टिकसाठी तशीच एईसीओ ही संघटना आहे; दोघींच्याही मार्गदर्शकांसाठी ऑनलाइन चाचण्या आहेत. अंटार्क्टिकात एका वेळी शंभराहून अधिक पर्यटक किनाऱ्यावर उतरवता येत नाहीत आणि साधारण वीस जणांमागे एक मार्गदर्शक असावा लागतो, त्यामुळे मार्गदर्शकाच्या जागा जहाजागणिक मोजक्याच असतात.

गोव्यातील राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्राकडे या नोकरीसाठी अर्ज करू नये. ते वैज्ञानिक मोहिमांचे काम पाहते, पर्यटन मार्गदर्शकांची भरती करत नाही. मात्र परवानगीशिवाय अंटार्क्टिकात जाण्यास मनाई करणारा भारतीय अंटार्क्टिक कायदा, २०२२ भारतीय नागरिकांना लागू असल्याने, आपले जहाज ज्या देशाच्या लेखी परवानगीने जात आहे त्या परवानगीची प्रत कंपनीकडून मागून फाइलीत ठेवावी.

व्हिसाबाबत एक गोष्ट नेमकी समजून घ्यावी. स्वालबार्डला स्वतःचा व्हिसा लागत नाही, पण ते शेंगेन क्षेत्राबाहेर, म्हणजे सामायिक व्हिसा असलेल्या युरोपीय देशांच्या गटाबाहेर, असून तेथे जाण्याची वाट सहसा ओस्लोवरून असल्याने, परत येताना पुन्हा प्रवेश मिळावा यासाठी शेंगेन व्हिसा किमान दोन प्रवेशांचा असावा. अंटार्क्टिकाच्या बहुतेक फेऱ्या अर्जेंटिनाच्या उशुआइया बंदरातून सुटतात, म्हणून त्या देशाचे नियम वेगळे पाहावेत.

शेवटी नावाचा मुद्दा, जो आपल्याकडे हमखास अडतो: दहावीच्या दाखल्यावर आडनाव आधी आणि वडिलांचे नाव शेवटी, पारपत्रावर त्याचा क्रम निराळा आणि प्रशिक्षणाच्या प्रमाणपत्रावर वडिलांचे नावच नाही, असे असेल तर प्रशिक्षणाला नाव नोंदवतानाच ते पारपत्राप्रमाणे लिहून घ्यावे आणि जुन्या दाखल्यांसाठी इंग्रजीत एक प्रतिज्ञापत्र करून ठेवावे.