चोख काम केलं की मान्यता आपोआप मिळते?

‘धंदा चोख ठेवा, समाज आपोआप मान देतो’ हा सल्ला पिढ्यान्‌पिढ्या दिला जातोय. तो अर्धवट आहे, आणि अल्पसंख्याक उद्योजकांवर अन्याय करणाराही. गिऱ्हाईक कमी आलं की खोट त्यांच्याच कामात शोधली जाते.

हार्वर्डच्या दोन संशोधकांनी २०१४ मध्ये एअरबीएनबी या थोड्या दिवसांसाठी घर भाड्याने देण्या-घेण्याच्या संकेतस्थळावरच्या न्यूयॉर्कमधल्या घरांचा अभ्यास मांडला. घराची जागा, दर्जा, पाहुण्यांनी दिलेले गुण हे सगळं जमेस धरूनही कृष्णवर्णीय नसलेले यजमान तशाच घराला सुमारे १२ टक्के जास्त भाडं घेत होते. घराच्या माहितीशेजारी यजमानाचा फोटो दिसायचा. त्या चेहऱ्यावर विश्वास ठेवायचा की नाही हे बघणारा ठरवतो, आणि ते त्याने बरेचदा आधीच ठरवलेलं असतं. म्हणूनच अशा उद्योजकाला प्रमाणपत्रं, नामांकित ग्राहक, व्यापारी संघटनेचं सदस्यत्व गोळा करावं लागतं. इतरांना तेवढ्याच कामावर भरवसा मिळतो.

मान्यता गमावण्याचंही तसंच, तेही बघणाराच ठरवतो. एन्रॉन या अमेरिकी ऊर्जा कंपनीच्या हिशेब-घोटाळ्याच्या प्रकरणात आर्थर अँडरसन ही बडी लेखापरीक्षण संस्था २००२ मध्ये दोषी ठरली. २००५ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल एकमताने फिरवला. तोवर ग्राहक निघून गेले होते. संस्था पुन्हा उभी राहिली नाही.