बिळातल्या पक्ष्याला हात न लावता

उन्हाळ्यात पुण्याच्या आसपास मातीच्या दरडींमध्ये वेड्या राघूची बिळं दिसतात. चोचीत चतुर धरून तो समोरच्या तारेवर बसतो, शेपटी खालीवर करतो, पण आपण तिथून हलेपर्यंत आत शिरत नाही. जीवशास्त्रज्ञ मिलिंद वाटवे आणि त्यांच्या पुण्यातल्या सहकाऱ्यांनी हेच तपासलं. २००२ साली प्रसिद्ध झालेला त्यांचा निष्कर्ष असा: माणूस तेवढ्याच अंतरावर असला, तरी त्याला बिळाचं तोंड दिसत असेल तर राघू आत जायला जास्त कचरतो.

नुसत्या नजरेने एवढं होतं, तर बिळात हात घातल्यावर काय होत असेल? बेटांवर बिळांत घरटी करणाऱ्या स्टॉर्म पेट्रेल आणि शिअरवॉटर या समुद्रपक्ष्यांची गणती बरीच वर्षं अशीच व्हायची. कोपरापर्यंत हात आत घालून अंडं चाचपायचं. हे पक्षी वर्षाला एकच अंडं घालतात. उबवताना त्रास झाला तर पेट्रेल घरटं कायमचं सोडून जाऊ शकतो, म्हणजे त्या जोडीचं अख्खं वर्ष वाया. शिवाय भुसभुशीत जमिनीवर चालताना पायाखाली बिळाचं छतच ढासळतं.

बाहेरून मोजावं, तर दिवसा बेट ओसाड वाटतं. त्यांची शिकार करणाऱ्या गल पक्ष्यांच्या भीतीने ही मंडळी अंधारातच ये-जा करतात.

यावरचा उपाय मला फार आवडतो: पक्ष्यालाच विचारायचं. बिळाच्या तोंडाशी त्याच्या जातभाईचा आवाज थोडा वेळ वाजवायचा. आतून उत्तर आलं, तर बीळ भरलेलं. उत्तर नाही म्हणून ते रिकामं मात्र धरायचं नाही, कारण आत असलेला प्रत्येक पक्षी दरवेळी ओरडत नाही. मँक्स शिअरवॉटर या शिअरवॉटरच्या एका जातीत नराच्या हाकेला बहुतेक नरच ओ देतात. मादी अंड्यावर बसली असेल तर सगळं शांत. म्हणून आता नर-मादी दोघांचेही आवाज वाजवतात, आणि थोड्या बिळांवर रोज तोच प्रयोग करून उत्तर मिळण्याचं प्रमाण काढतात. समजा ते ४० टक्के निघालं, तर बेटावर मिळालेल्या १०० उत्तरांमागे साधारण २५० भरलेली बिळं धरायची. वेल्सजवळच्या स्कोमर बेटावर २०१८ मध्ये मँक्स शिअरवॉटरच्या सुमारे साडेतीन लाख जोड्यांचा अंदाज आला. एवढ्या बिळांत हात घालणं कुणालाच शक्य नव्हतं.

लांब नळीच्या टोकाला कॅमेरा लावूनही आत पाहता येतं, पण बीळ वळणाचं असेल तर कोपऱ्यापलीकडचं हुकतं.

सर्वांत कमी त्रास होतो तो रात्रभर आवाज टिपणाऱ्या यंत्राचा. ते एकदा लावलं की माणसाने तिथे थांबायची गरजच नाही. मात्र चांदण्या रात्री हे पक्षी गप्प असतात आणि काळोखात कल्लोळ करतात. त्यात घरटं नसलेले तरुण पक्षीही ओरडत असतात. त्यामुळे या ध्वनिमुद्रणाचा आकडा वापरण्याआधी तिथल्याच काही बिळांवर आवाज वाजवून ताडून पाहावा लागतो, आणि त्या रात्री चंद्र किती होता याची नोंदही ठेवावी लागते.