कुकीची पट्टी: कोणाला लागते, कोणाला नाही

कुकी म्हणजे साइट तुमच्या ब्राउझरमध्ये ठेवते ती छोटी नोंद. ती ठेवू का, असं विचारणारी साइटवरची चौकट म्हणजे कुकीची पट्टी. ती लावा म्हटलं की प्रश्न येतो: "दुकान कोल्हापुरात, सर्व्हरही भारतातला, मग युरोपचा कायदा आम्हाला कशाला?" चपला, गूळ, हुपरीची चांदी ऑनलाइन विकणारे हे हमखास विचारतात.

युरोपचा जीडीपीआर, म्हणजे वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा, 25 मे 2018 पासून लागू आहे. माल कोणाला देऊ करता आणि कोणाच्या वागण्यावर नजर ठेवता, एवढंच तो बघतो. तुमची साइट जर्मनीत नुसती उघडली म्हणून तो लागत नाही. किंमत युरोत दाखवून जर्मनीचा कुरिअर दर लावलात, की लागला! विक्री नाही, पण गूगल ॲनालिटिक्स (साइटवर कोण येतं, काय बघतं हे मोजणारं साधन) चालू आहे, तर? इथे वकिलांचंही एकमत नाही. आमचा सल्ला: युरोपात गिऱ्हाईक नसेल तर तिथून येणाऱ्यांसाठी ॲनालिटिक्स बंदच ठेवा. त्या आकड्यांचं तुम्ही करणार तरी काय?

आपल्या 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात कुकी हा शब्दच नाही. पण नाव, मोबाइल, पत्ता घेणारा ऑर्डर फॉर्म त्यात येतो आणि माणूस ओळखू येईल अशी कुकीही येते. नियम नोव्हेंबर 2025 मध्ये निघाले. मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर 18 महिन्यांनी लागू होतात. संमतीची सूचना मराठीतही वाचता आली पाहिजे.

पट्टी खरी की दिखाऊ, हे घरबसल्या तपासा. संगणकावर क्रोमची इनकॉग्निटो विंडो उघडून साइटवर जा. पट्टीवर काहीही न दाबता एफ12 दाबा, 'ॲप्लिकेशन'मध्ये 'कुकीज' बघा. कार्टची किंवा लॉगिनची कुकी असली तर हरकत नाही, तिला संमती लागत नाही. 'अंडरस्कोर जीए' (ॲनालिटिक्स) किंवा 'अंडरस्कोर एफबीपी' (मेटा पिक्सेल, म्हणजे फेसबुकच्या जाहिरातींसाठी येणाऱ्यांचा माग ठेवणारा कोड) दिसली, तर पट्टी शोभेची. बहुतेक वेळा यांचा कोड साइटच्या थीमच्या हेडरमध्ये (प्रत्येक पानाबरोबर आधी चालणाऱ्या भागात) थेट चिकटवलेला असतो आणि कोणी होकार देण्याआधीच चालू होतो. तो तिथून काढून संमतीच्या प्लगिनमधून (साइटला जोडायच्या छोट्या प्रोग्राममधून) होकारानंतरच सोडायचा. मग कॅशे (पानांच्या साठवलेल्या जुन्या प्रती) साफ करा, नाहीतर जुनंच पान दिसतं आणि दुरुस्ती झालीच नाही असं वाटतं. पानात घातलेला यूट्यूब व्हिडिओही कुकी टाकू शकतो, हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही.

'नकार'चं बटण 'मान्य'शेजारी, त्याच आकाराचं हवं. आधीच टिक केलेली चौकट युरोपच्या न्यायालयाने 2019 मध्ये बाद ठरवली. दिलेली संमती तितक्याच सहज मागे घेता यावी, म्हणून पानाच्या तळाशी कायमची लिंक ठेवा.

परदेशी ऑर्डर सुरू करण्याआधी माल कोणकोणत्या देशांत जाणार आणि जाहिरात कोण चालवतं, हे आम्हाला कळवा. जाहिरातवाले पिक्सेल परस्पर बसवून जातात.