पार्यता आणि जलीय वाहकता: डार्सीला मीटरने मोजण्याचा हट्ट

विहिरींच्या पंपिंग चाचण्या करणाऱ्यांना जलीय वाहकता, म्हणजे खडकातून पाणी किती सहज वाहते याचे माप, नव्याने सांगायला नको. दिवसाला इतके मीटर, अशी ती त्यांच्या वहीत असतेच. अडचण होते ती तोच आकडा 'खडकाची पार्यता' (द्रव आरपार जाऊ देण्याची खडकाची स्वतःची क्षमता) म्हणून तेलक्षेत्राच्या अहवालातील आकड्यांशेजारी मांडला जातो तेव्हा, कारण तिथे पार्यता मिलिडार्सीत, म्हणजे डार्सी या एककाच्या हजाराव्या भागांत, दिलेली असते आणि डार्सीचे परिमाण वेगाचे नसून क्षेत्रफळाचे आहे. १ डार्सी म्हणजे सुमारे ०.९८७ चौरस मायक्रोमीटर. व्यवहारात एक चौरस मायक्रोमीटर धरले तरी काही बिघडत नाही. या एक-सव्वा टक्क्यावरून वाद घालणाऱ्यांच्या नमुन्यांत त्याहून कितीतरी मोठी तफावत असते.

खरा घोटाळा द्रवाचा आहे. पार्यता ही केवळ खडकाची असते: छिद्रे केवढी, एकमेकांना किती जोडलेली आणि त्यांतली वाट किती नागमोडी, एवढ्यावरच ती ठरते. वाहकता काढताना मात्र त्या पार्यतेला द्रवाची घनता आणि गुरुत्वीय प्रवेग यांनी गुणून श्यानतेने (द्रवाच्या दाटपणाने) भागावे लागते. त्यामुळे १ डार्सी पार्यतेच्या वालुकाश्मातून २० अंश सेल्सिअसचे पाणी वाहताना वाहकता दिवसाला सुमारे ०.८३ मीटर भरते, पाणी ३० अंशांचे असेल तर ती १.०४ होते, आणि त्याच तुकड्यातून पाण्याच्या ०.८५ पट घनतेचे व १० सेंटिपॉइज श्यानतेचे कच्चे तेल वाहू लागले की ०.०७ वर येते. तिन्ही वेळा खडक तोच असतो. तरीही ०.८३ हा गुणक पाढ्यासारखा पाठ करून सगळीकडे लावणारे भेटतात. महाराष्ट्रातले भूजल बहुधा २० अंशांपेक्षा बरेच उबदार असते, हे त्यांच्या गावीही नसते.

या घोटाळ्याला स्थापत्य अभियांत्रिकीतला 'पार्यता गुणांक' हा शब्द बराचसा जबाबदार आहे, कारण सेंटिमीटर प्रति सेकंदात दिलेला तो गुणांक म्हणजे प्रत्यक्षात वाहकताच. माझ्या मते तो शब्द सरळ सोडून द्यावा. गंमत अशी की, ज्या आंरी डार्सी यांचे नाव पार्यतेच्या एककाला मिळाले, त्यांनी १८५६ साली प्रसिद्ध केलेले फ्रान्समधल्या दिझाँ इथले प्रयोग वाळूतून फक्त पाणी सोडून केले होते. त्यांच्या हाती आलेला स्थिरांक वाहकतेचा होता, पार्यतेचा नव्हे.

सच्छिद्रतेची, म्हणजे खडकात किती भाग पोकळ आहे याची, गोष्ट निराळी आहे; चिकणमाती निम्मी पोकळ असूनही पाणी सोडत नाही, एवढे लक्षात ठेवले की पुरते.

प्रयोगशाळेतून आलेला मिलिडार्सीचा आकडा पाहताना मात्र तो द्रवाने मोजला की वायूने, हे आधी विचारावे. नायट्रोजन कमी दाबाने सोडला, तर त्याचे रेणू छिद्रांच्या भिंतींवरून घसरतात आणि पार्यता फुगून दिसते. ही गोष्ट क्लिंकेनबर्ग यांनी १९४१ साली दाखवून दिली. घट्ट खडकात ही फूग इतकी मोठी असते की दुरुस्तीविना दिलेला आकडा मी वाहकतेत रूपांतरित करायलाच घेत नाही.