ओस्वाल्ड आणि ओस्विन : एकसारखी वाटणारी दोन इंग्रजी नावे

मुंबई, वसई किंवा गोव्यातील वाचकाला ओस्वाल्ड हे नाव अगदीच अनोळखी नाही. मुंबईचे माजी आर्चबिशप कार्डिनल ओस्वाल्ड ग्रेशियस यांच्यामुळे ते मराठी वृत्तपत्रांतूनही वर्षानुवर्षे छापून येत राहिले. ओस्विन मात्र क्वचितच कानावर पडते, आणि पडले तरी पुष्कळांना ते ओस्वाल्डचेच घरगुती किंवा आखूड रूप वाटते. हा समज चुकीचा आहे. ही दोन स्वतंत्र पुरुषनामे आहेत, दोन्ही इंग्लंडच्या उत्तर भागातील सातव्या शतकाच्या राजघराण्यांतून आलेली आहेत, आणि ज्या दोन राजांमुळे ती टिकली ते राजेही परस्परांहून पुष्कळ वेगळे होते.

१०६६ साली फ्रान्समधील नॉर्मन लोकांनी केलेल्या आक्रमणापूर्वीच्या इंग्लंडमध्ये माणसाचे नाव बहुधा दोन शब्द जोडून तयार होत असे. या दोन्ही नावांचा पूर्वार्ध 'ओस' हा आहे आणि त्याचा अर्थ देव. हा ख्रिस्ती देव नव्हे; जर्मानिक लोकांच्या जुन्या देवतांसाठीचा हा शब्द आहे आणि स्कँडिनेव्हियातील ओडिन, थॉर यांच्या देवकुलाला ज्या शब्दाने ओळखतात, त्याचाच हा सख्खा भाऊ. भेद आहे तो उत्तरार्धात. ओस्वाल्डमधील 'वाल्ड' म्हणजे सत्ता, राज्य करण्याचे सामर्थ्य. ओस्विनमधील 'विन' मुळात 'विने' असा उच्चारला जाई आणि त्याचा अर्थ मित्र. जुन्या इंग्रजी काव्यात तो आपल्या माणसांना सांभाळणाऱ्या धन्यासाठीही येतो. आजच्या इंग्रजीतील जिंकणे या अर्थाच्या क्रियापदाशी त्याचा मेळ घालून ओस्विनचा अर्थ 'देवाचा विजय' असा दिला जातो, तो केवळ उच्चारसाम्यावरून. एडविन, गॉडविन, बाल्डविन या नावांतील 'विन' हाही मित्रच आहे. ओघाने सांगायचे तर आपल्याकडील ओसवाल हे आडनाव राजस्थानातील ओसियां या गावावरून आले आहे आणि अश्विन हे नाव संस्कृतातील आहे. या दोहोंचा वरील नावांशी काहीही संबंध नाही.

म्हणजे शब्दशः पाहिले तर ओस्वाल्ड म्हणजे देवाचे सामर्थ्य आणि ओस्विन म्हणजे देवाचा मित्र. मात्र अर्थावर फार भार देऊ नये, असे मला वाटते. त्या काळी नाव ठेवताना जोडशब्दाच्या एकसंध अर्थापेक्षा घराण्यातील नावांचे तुकडे पुढे चालवण्याला महत्त्व असे. उत्तर इंग्लंडमधील नॉर्थम्ब्रिया या राज्याचा राजा एथेलफ्रिथ याच्या मुलांची नावेच पाहावीत : ओस्वाल्ड, ओस्विऊ, ओस्लाक, ओस्वुडू, ओस्लाफ. एकाच आद्याक्षराची नावे मुलांना ठेवणारी घरे आपल्याकडेही आहेतच. नाव ऐकताच मूल कोणाचे हे कळावे, ही त्यामागची सोय होती. पुढे शेकडो वर्षांनी वाचकांचा गोंधळ उडतो तोही या सोयीमुळेच.

ओस्वाल्डची हकीकत आपल्याला प्रामुख्याने बीड या भिक्षूने ७३१ साली पूर्ण केलेल्या इंग्लिश चर्चच्या इतिहासातून कळते. वडील लढाईत मारले गेल्यावर हा मुलगा आयरिश भाषा बोलणाऱ्या पश्चिम स्कॉटलंडमध्ये परागंदा होऊन वाढला आणि तिथेच त्याचा बाप्तिस्मा झाला. सुमारे ६३४ साली तो परतला आणि हेक्सहॅमजवळच्या हेवनफील्ड येथे त्याने वेल्समधील ब्रिटन लोकांचा राजा कॅडवालन याचा पराभव केला. लढाईपूर्वी घाईघाईने लाकडी क्रूस तयार करण्यात आला, खड्डा खणला गेला आणि सैनिक माती लोटून दाबत असताना राजाने स्वतः दोन्ही हातांनी तो क्रूस उभा धरून ठेवला, असे बीड लिहितो. राज्य हाती आल्यावर त्याने आयोना बेटावरील मठातून एडन या भिक्षूला बोलावून घेतले आणि लिंडिसफार्न हे बेट त्याला दिले. एडनला इंग्रजी नीट येत नव्हती. तो प्रवचन देई तेव्हा परदेशात आयरिश शिकलेला राजाच आपल्या सरदारांसाठी दुभाषाचे काम करी. ओस्वाल्डच्या साऱ्या चरित्रात मला सर्वांत मोलाचा वाटतो तो हा तपशील, कारण सत्ता या अर्थाचे नाव धारण करणारा राजा इथे दुसऱ्याच्या वाणीला आपला आवाज देतो आहे.

ईस्टरच्या दिवशी पक्वान्नांनी भरलेले चांदीचे ताट समोर असताना दाराशी गरीब जमल्याचे कळले, तेव्हा ओस्वाल्डने अन्न त्यांना वाटायला लावले आणि ताटाचेही तुकडे करून देऊन टाकले. शेजारी बसलेल्या एडनने त्याचा उजवा हात धरून 'हा हात कधीही झिजू नये' असा आशीर्वाद दिला. ६४२ साली ५ ऑगस्टला मध्य इंग्लंडमधील मर्सिया राज्याचा राजा पेंडा याच्याशी लढताना ओस्वाल्ड मारला गेला. पेंडाने त्याचे शिर आणि हात तोडून खांबांवर टांगले. पुढे हात बॅम्बरोला आणि शिर लिंडिसफार्नला नेण्यात आले. हे शिर नंतर लिंडिसफार्नचा बिशप संत कथबर्ट याच्या शवपेटीत ठेवले गेले आणि त्या पेटीबरोबर अखेर डरहॅमला पोचले. कथबर्टच्या अनेक मूर्तींत त्याच्या हातात मुकुटधारी मस्तक दिसते, ते ओस्वाल्डचे.

ओस्विन हा ओस्वाल्डचा भाऊ नव्हे. नॉर्थम्ब्रियाचे दोन भाग होते, उत्तरेला बर्निशिया आणि दक्षिणेला, साधारण आजच्या यॉर्कशरच्या भागात, डेरा. ओस्वाल्डचे वडील बर्निशियाच्या घराण्यातील होते. ओस्विन डेराच्या घराण्यातील ऑस्रिकचा मुलगा. ओस्वाल्डच्या मृत्यूनंतर दोन वर्षांच्या आत तो डेराच्या गादीवर आला आणि त्याने सुमारे सात वर्षे राज्य केले. बीडच्या मते तो उंच, देखणा, मृदुभाषी आणि उदार होता, म्हणून दूरदूरच्या प्रांतांतील उमराव त्याच्या चाकरीत येत.

त्यानेही एडनला आपलेसे केले होते. नद्या ओलांडताना उपयोगी पडावा म्हणून त्याने एडनला एक उत्तम घोडा दिला आणि एडनने तो साजासकट वाटेत भेटलेल्या भिकाऱ्याला देऊन टाकला. जेवायच्या वेळी राजाने नाराजीने विचारले की भिकाऱ्याला द्यायला साधे घोडे नव्हते का. त्यावर एडन म्हणाला, 'राजा, त्या घोडीचे पिल्लू तुला देवाच्या त्या लेकरापेक्षा प्रिय आहे काय?' शिकारीहून आलेला राजा काही वेळ शेकोटीपाशी उभा राहिला, मग कमरेची तलवार सोडून त्याने सेवकाच्या हाती दिली आणि एडनच्या पायाशी पडून क्षमा मागितली. एडनने त्याला उठवले, पण जेवणाच्या पानावर एडनच्याच डोळ्यांतून पाणी वाहू लागले. शेजारच्याने कारण विचारताच तो आयरिश भाषेत म्हणाला की इतका नम्र राजा मी आजवर पाहिला नाही आणि हा फार काळ जगणार नाही.

तसेच झाले. ६५१ साली बर्निशियाच्या राजाने त्याच्यावर चाल केली. शत्रूचे बळ मोठे आहे हे पाहून ओस्विनने आपल्या माणसांचे प्राण वाचवण्यासाठी सैन्याला घरी पाठवून दिले आणि तो एका विश्वासू सरदाराच्या घरी लपला. त्या सरदारानेच दगा दिला आणि २० ऑगस्टला गिलिंग येथे त्याची हत्या झाली. बाराव्या दिवशी, ३१ ऑगस्टला, एडनही वारला.

ही हत्या करवणारा बर्निशियाचा राजा म्हणजे ओस्वाल्डचा धाकटा भाऊ ओस्विऊ, ज्याचे नाव नंतरच्या इंग्रजीत ओस्वी असेही लिहितात. खरी काळजी इथे घ्यावी लागते. ओस्विन आणि ओस्विऊ ही नावे लिहिताना एका अक्षराने चुकली की मारणारा आणि मारला गेलेला यांची अदलाबदल होते. ओस्विऊची राणी एनफ्लेड ही ओस्विनच्या नात्यातली होती. तिच्या आग्रहावरून ओस्विऊला गिलिंगला प्रायश्चित्त म्हणून मठासाठी जमीन द्यावी लागली, आणि तिथे मारलेल्या व मारणाऱ्या अशा दोन्ही राजांसाठी रोज प्रार्थना व्हावी असे ठरले.

दोघेही संत मानले गेले, दोघांचे दिवस ऑगस्टमध्येच येतात, पण नावांचा प्रसार सारखा झाला नाही. ओस्वाल्ड रणांगणावर ख्रिस्ती नसलेल्या राजाच्या हातून पडला होता आणि त्याच्या अवशेषांचे तुकडे अनेक ठिकाणी पोचले. इंग्लिश मिशनऱ्यांनी त्याची कीर्ती आधीच युरोपच्या मुख्य भूमीवर नेली होती. अकराव्या शतकाच्या अखेरीस बव्हेरियाच्या ड्यूकची पत्नी फ्लँडर्सची ज्युडिथ हिने त्याचे अवशेष दक्षिण जर्मनीतील वाइनगार्टन मठाला दिले. आल्प्सच्या पट्ट्यात त्याच्या नावाची देवळे आणि गावे उभी राहिली, आणि ओस्वाल्ड हे जर्मनभाषकांचे हक्काचे नाव झाले. चौदाव्या-पंधराव्या शतकातील टिरोलचा कवी ओस्वाल्ड फॉन वोल्केनस्टाइन हा त्याचा ठळक पुरावा. ओस्विनचा मृत्यू मात्र घरच्या भाऊबंदकीतला होता. टाइन नदीच्या मुखाशी टाइनमथ येथे त्याची समाधी होती, तीही विस्मरणात गेली आणि १०६५ साली पुन्हा सापडली. तिथला मठ मोठा झाला, पण त्याचे नाव फारसे टाइनच्या परिसराबाहेर पडले नाही. त्या भागातील चर्चना आजही ते आहे.

१०६६ नंतर विल्यम, रॉबर्ट, रिचर्ड या नॉर्मन नावांपुढे जुनी इंग्रजी नावे मागे पडली. उत्तरेत ओस्वाल्ड तग धरून राहिले. ओस्विन जवळजवळ लुप्त झाले. एकोणिसाव्या शतकात जुन्या इंग्लंडविषयी नव्याने आस्था जागी झाली तेव्हा दोन्ही नावे परतली. ऑक्सफर्ड शब्दकोशाचे संपादक जेम्स मरे यांच्या घरी तर या आस्थेचे पूर्ण दर्शन घडते : त्यांच्या अकरा मुलांत एथेलबर्ट, विल्फ्रिड, एल्फ्रिक, एथेलविन, रॉसफ्रिथ आणि १८७३ साली जन्मलेला ओस्विन होता. हेच सर ओस्विन मरे पुढे १९१७ ते १९३६ या काळात ब्रिटिश नौदल खात्याचे सचिव होते. त्यांचे नातू, प्राचीन ग्रीसचे इतिहासकार, यांचेही नाव ओस्विनच.

विसाव्या शतकाने ओस्वाल्डचे नुकसान केले. ओस्वाल्ड मोस्ले यांनी १९३२ साली ब्रिटनमध्ये फॅसिस्ट संघटना स्थापली, आणि १९६३ मध्ये अमेरिकेच्या अध्यक्षांच्या हत्येनंतर आरोपीचे आडनाव म्हणून हाच शब्द जगभर पोचला. १९४४ साली आनुवंशिक गुण डीएनएतून वाहून नेले जातात हे सहकाऱ्यांसह दाखवून देणारे ओस्वाल्ड एव्हरी यांच्यामुळे या नावाला जो मान मिळायला हवा होता, तो सामान्य लोकांपर्यंत पोचलाच नाही, याची खंत वाटते. आज इंग्लंडमध्ये ओस्वाल्ड विरळ आणि ओस्विन त्याहून दुर्मीळ आहे.

आपल्याकडे ओस्वाल्डच्या जोडीला गोव्यात ओस्वाल्दो हे पोर्तुगीज रूपही आढळते. ओस्विन मुंबई आणि मंगळूरच्या कॅथलिक कुटुंबांत अधूनमधून दिसते, आणि एडविन, मेल्विन यांच्या पंक्तीत ते सहज सामावते. इंग्रजीत त्याची अखेर कधी आय घालून, कधी वाय घालून लिहितात. वाय घातल्याने नाव मुलीचे होत नाही. गोंधळ होतो तो जुन्या इंग्रजीत 'आनंद' या अर्थाचा 'विन्' हा दुसरा शब्द होता आणि तो स्त्रियांच्या नावांत येत असे म्हणून. मरे यांची एथेलविन ही मुलगी होती आणि ओस्विन मुलगा, हे लक्षात ठेवले तर अडचण येणार नाही.