दूध तोडलेल्या वराह पिल्लांच्या आहारातील पर्यायी प्रथिने

मादीपासून वेगळ्या केलेल्या डुकराच्या पिल्लांना दूध भुकटी, फिशमील अशा महाग प्रथिनांच्या जागी दिले जाणारे ढेपी, कीटक, वाळली मासळी इत्यादी खाद्य. घरगुती पालनात पिल्ले साधारण ८ आठवडे मादीखाली असतात. व्यावसायिक फार्मवर ४ ते ६ आठवड्यांतच दूध तोडतात. वय जितके कमी, तितके प्रथिन पचवणे अवघड. जठरात आम्ल कमी, पाचकरस अपुरे. न पचलेले प्रथिन मोठ्या आतड्यात कुजते आणि हगवण लागते. बाकदार पाठ, उभे केस, शेपटीखाली चिकटलेली पिवळट घाण ही तिची खूण. खाद्याच्या पोत्यावर छापलेल्या प्रथिनाच्या टक्क्यांवरून यातले काहीच कळत नाही.

पश्चिम विदर्भात पहिला पर्याय अर्थातच सोयाबीन. तेल काढलेल्या ढेपेत, म्हणजे बाजारातल्या डीओसीत, ४४ ते ४८ टक्के प्रथिन असते आणि मक्यात कमी पडणारे लायसिन हे आवश्यक अमिनो आम्लही भरपूर. कच्च्या दाण्यात मात्र ट्रिप्सिन या प्रथिन पचवणाऱ्या पाचकरसाला अडवणारे घटक असतात. दाणा भाजल्यावर ते निकामी होतात, पण करपवला तर लायसिनच वाया जाते. ग्लायसिनिन हे सोयाबीनमधलेच एक प्रथिन नुसत्या उष्णतेला सहसा दाद देत नाही. त्याने आतड्याचे रसांकुर, म्हणजे अन्नरस शोषणारे बारीक उंचवटे, आखूड होतात. म्हणून ढेप आधी थोडी देऊन हळूहळू वाढवतात. आंबवलेली अधिक सोसते.

सरकी ढेप गोठ्यात आयती असते, आणि फसगत तिथेच होते. तिच्यातले गॉसिपॉल हे विषारी द्रव्य गाईचे पोट बऱ्यापैकी निभावून नेते, डुकराचे नाही. पिल्लांना ती देऊच नये. शेंगदाणा ढेपेत लायसिन कमी, त्यात पावसाळ्यात अफ्लाटॉक्सिन हे बुरशीचे विष. धानपट्ट्यातली लाखोळी डाळ स्वस्त खरी, पण तिच्यात मज्जातंतूंना घातक द्रव्य असते.

पूर्व विदर्भाचा खास पर्याय म्हणजे टसर कोशातला किडा. आरमोरी, भंडाऱ्याकडे कोसा उकळून धागा काढला की तो उरतो. वाळवल्यावर त्यात निम्म्याच्या आसपास प्रथिन भरते. तेलही बरेच असल्याने उन्हाळ्यात तो लवकर खवट होतो, वासावरूनच कळते. तेल काढून वाळवलेला टिकतो.

मामा (माजी मालगुजारी) तलावांतली, म्हणजे तिथल्या जुन्या गावतलावांतली, बारीक मासळी वाळवून देता येते. खारवलेली असेल तर जपावे: एप्रिल-मेमध्ये पाण्याची डोणी कोरडी पडली, तर मिठाची विषबाधा होऊन पिल्ले झटके देतात.

हॉटेलातले उष्टे हे प्रथिनाचे भरवशाचे साधन नव्हे. भारतात २०२० मध्ये आफ्रिकन स्वाइन फीव्हर हा उष्ट्यातल्या मांसातूनही पसरणारा डुकरांचा जीवघेणा विषाणूजन्य आजार आढळल्यापासून तर उष्ट्याची धास्तीच आहे. द्यायचेच तर निदान अर्धा तास खळखळ उकळून, ढवळत. डुकराचे मांस असलेले मुळीच नाही.

व्यावसायिक खाद्यात अलीकडे प्रथिन २०-२२ टक्क्यांवरून १८ पर्यंत उतरवून वरून लायसिन, मेथिओनिन, थ्रिओनिन ही अमिनो आम्ले मिसळतात; हगवण कमी होते आणि ढेपही कमी लागते.